पुलंच्या एका लाखात काय काय बसलं?

प्रश्न : पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, असं वाचलं. एका लाखात केंद्र उभं राहतं? आमच्याकडे दारूपायी दर चार घरांआड एक घर खचलंय. आमचं तरुण मंडळ नोंदलेलं आहे, गावात एक समाजमंदिर रिकामं पडून आहे. अशी देणगी किंवा सरकारी अनुदान आज आम्हाला मिळेल का?
— एक वाचक, निमगाव केतकी परिसर (ता. इंदापूर)

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे, फक्त त्या गोष्टीतला लाख रुपयांचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो आणि बाकीचं गळून जातं. ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाकीच्यात आहे.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पोरांच्या हाती येऊ लागली. लेखक अनिल अवचटांनी त्या पोरांत, त्यांच्या घरच्यांत हिंडून लिहिलं. ते वाचून पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाने एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता या मनोविकारतज्ज्ञ. येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात त्या काम करत होत्या. त्याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुलंच्या हस्ते मुक्तांगण सुरू झालं.

आता हिशोब मांडा. जागा सरकारी आवारातली. मनोविकारतज्ज्ञ आधीपासून तिथेच नोकरीला. शेजारी अख्खं रुग्णालय, म्हणजे रात्री-अपरात्री रुग्ण बिघडला तर धावायला सोय. आणि हा प्रश्न घरोघर पोचवणारा एक लेखक. हे सगळं जागेवर होतं, म्हणून लाख रुपयांना लाखाची किंमत आली. हेच पैसे कुणी ओसाड माळावर केंद्र काढायला दिले असते, तर पायाही भरून निघाला नसता.

तुमच्या पत्रात मंडळ आहे आणि इमारत आहे. डॉक्टर नाही. तेव्हा समाजमंदिरात खाटा टाकायचा विचार मनात असेल तर तो आजच काढून टाका, असं मी स्पष्ट सांगेन. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद केली की काय होतं ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी घाम, चिडचिड, उलटी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात असे थरथरतात की चहा बशीत ओतून दिला तरी ओठांपर्यंत जात नाही. काहींना फिट येते. काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेले नातेवाईक हाका मारतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं झालंय आणि ते देवर्षाकडे नेतात. या अवस्थेत माणूस दगावूही शकतो. त्यावर उपाय आहेत. ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि मोजून-मापून कमी करत नेलेल्या गोळ्या, एवढंच बहुतेकदा पुरतं, आणि ते महागही नाही. पण ते डॉक्टरच्या हातून आणि नर्सच्या नजरेखाली व्हावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे विकारही येतात, त्यामुळे खाटा टाकून माणसं ठेवायची तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. साखळीने बांधणं त्या कायद्याने बंद केलं आहे. 'आमच्याकडे कोंडून ठेवतात, पळून जाऊ देत नाहीत' अशी जाहिरात करणारी केंद्रं गावोगाव निघाली आहेत. तिथे माणूस पाठवण्याआधी नोंदणीचा कागद मागा.

सरकारी अनुदानाचं म्हणाल, तर ते आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची योजना १९८५-८६ पासून, म्हणजे जवळपास मुक्तांगणाइतकीच जुनी. पूर्वी मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत सरकार देई, उरलेले संस्थेने उभे करायचे. २०१८ पासून ही कामं राष्ट्रीय कृती आराखड्याखाली आली. खाटांचं केंद्र चालवायला त्यात पैसे मिळतात, पण सोबत कोण कोण लागतं ती यादी वाचा : डॉक्टर, नर्स, समुपदेशक, वॉर्डबॉय, हिशोबनीस, आचारी, चौकीदार. अर्ज ऑनलाइन, मग तपासणी, मग शिफारस, मग दिल्ली. मंजूर झालेला हप्ताही वेळेवर येतो असं समजू नका. आचाऱ्याला मात्र पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि किराणावाला दिल्लीच्या फायलीवर उधारी देत नाही. ज्या संस्था टिकल्या, त्यांच्याजवळ हप्ता अडकला तरी सहा महिने रेटायला स्वतःची गंगाजळी होती. तुमच्या मंडळाकडे ती असेल असं वाटत नाही.

मग काय मागायचं?

इथे एक आकडा सांगतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने २०१८ मध्ये देशभर पाहणी केली, अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मागे एक. या उरलेल्यांसाठी खाटा वाढवत बसलो तर आपली नातवंडं म्हातारी होतील. आणि त्यातल्या पुष्कळांना खाट लागतच नाही.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने याचा नीट प्रयोग केला. लंडनच्या वेलकम ट्रस्टने त्याला पैसे दिले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची त्यांनी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला नेहमीची तपासणी आणि सल्ला. दुसऱ्या गटाला त्याशिवाय समुपदेशकाबरोबर चारपर्यंत बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक, साधं शिक्षण झालेली, या कामासाठी शिकवून तयार केलेली माणसं होती. तीन महिन्यांनी नुसत्या सल्ल्याच्या गटात २६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले, बैठकांच्या गटात ३६ टक्के. वर्षाने पाहिलं तर हेच आकडे ३२ आणि ५४ झाले होते. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या या कामाचे तीन महिन्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, ते मुद्दाम सांगतो, कारण देणगीदारासमोर ठेवायला असा कागद फार उपयोगी पडतो. मात्र ही माणसं पूर्ण व्यसनी झालेली नव्हती, घसरणीवर होती, हेही त्यांना सांगा. थरथरणाऱ्या माणसाला रुग्णालयच हवं.

त्यासाठी बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. त्याहून जास्त लागलं तर पुणं. म्हणजे उतरवायची सोय अगदीच नाही असं नाही. तुटतं ते परत आल्यावर. मुक्तांगणातला उपचार ३५ दिवसांचा. छत्तिसाव्या दिवशी माणूस एसटीने इंदापूरच्या स्टँडवर उतरतो. खिशात गोळ्या, अंगावर इस्त्रीचे कपडे, घरात सगळे पाहुण्यासारखे वागतायत. आणि स्टँडसमोरच जुना दोस्त भेटतो. महिन्याने 'पाठपुराव्याला या' असं कार्डावर लिहिलेलं असतं, पण पुणं इथून एकशेतीस-चाळीस किलोमीटर. जायचं तर रोजगार बुडतो, तिकिटाचे पैसे वेगळे, बरोबर बायको आली तर तिचाही खाडा. दुसऱ्या महिन्यात कार्ड कपाटात जातं.

तेव्हा माझं मत असं की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांसाठी एका माणसाचा पगार मागा. शिकवून तयार केलेला एक समुपदेशक, शक्यतो स्वतः व्यसनातून उठून काही वर्षं कोरडा राहिलेला. महिना २० हजार धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. दुचाकीचं पेट्रोल, फोन, महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचं मानधन मिळवलं तरी चारेक लाखांत बसावं. आठवडे बाजाराच्या दिवशी इंदापुरात बैठक, दुसऱ्या दिवशी बारामतीत, बाकी दिवस घरोघर. माणूस आला नाही की संध्याकाळी त्याच्या दारात हजर. त्याच्या बायकोशी स्वतंत्र बोलणं, कारण तिची वर्षानुवर्षांची झीज कुठल्याच केसपेपरवर येत नाही. मुक्तांगणाने अशा बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला, त्यामागे हाच अनुभव होता.

अडचण एकच : पगार द्यायला देणगीदार नाखूश असतात. इमारतीवर नाव कोरता येतं, रुग्णवाहिकेवर रंगवता येतं, समुपदेशकाच्या पाठीवर काही लिहिता येत नाही. अर्ज वाचणारे लोक 'मनुष्यबळ' या रकान्याकडे उधळपट्टी म्हणून पाहतात, आणि या कामात तर दुसरा रकानाच नाही. त्यांना हे तोंडावर सांगावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालवला. तिथेही पैसा मुख्यतः तालुक्यातालुक्यांत हिंडणाऱ्या माणसांवर लागतो. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, तरी एवढी माणसं लागतात.

मंडळाने फलक, प्रभातफेरी, पथनाट्य यांसाठी पैसे मागितले तर ते चटकन मिळतील, हेही खरं. २ ऑक्टोबरच्या आठवड्यात सगळीकडे ते चालतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने जगभरचे अभ्यास एकत्र करून जे प्रतिबंधाचे निकष छापले, त्यांत नुसती भीती घालणारी माहिती, पोलिसांची भाषणं आणि शाळेत उभं करून ऐकवलेली माजी व्यसनींची कहाणी यांचा मुलांवर उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो, असं नोंदलेलं आहे. उपयोग होतो तो पालकांना शिकवण्याचा आणि मुलांना नकार देण्याचा सराव करून घेण्याचा. नुसत्या माहितीने आणि भीतीने भागत नाही हे बारामतीतच दिसतं : गुटख्याने काय होतं याचं सर्वांत ठळक उदाहरण याच तालुक्यातलं आहे. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि गुटखा नडला हे त्यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलं. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदीही आली. टपरीवर आज काय मिळतं ते तुम्ही बघताच.

आता पैसा कुणाकडे. कंपन्यांचा सीएसआर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि आरोग्य, त्यातही प्रतिबंधक आरोग्य, यादीत आहे. बारामतीच्या एमआयडीसीत अशा कंपन्या आहेत. पण तुमचं मंडळ बाहेरची संस्था म्हणून जाणार, तर आयकर खात्याची १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ अर्जाचा क्रमांक लागतो. नुसती धर्मादाय आयुक्तांकडची नोंद पुरत नाही. हे नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशा जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करा, त्यात कमीपणा नाही.

आणि तुमच्या दोन्ही तालुक्यांतला खरा मोठा पैसा कंपन्यांत नाहीच, तो सहकारात आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, नीरा-भीमा हे साखर कारखाने. सहकारी कारखान्याला कंपनी कायद्यातले दोन टक्के लागू नाहीत. पण महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा निव्वळ नफ्यातला २० टक्क्यांपर्यंतचा भाग सहकारी किंवा धर्मादाय कामाला बाजूला काढू देतो. नफाच दिसला नाही तर मात्र बोलणंच खुंटलं. तरी वार्षिक सभेत ऊसदरावर घसा कोरडा करणाऱ्या सभासदांपैकी चार जणांनी उभं राहून एका समुपदेशकाच्या पगाराचा ठराव मांडायला काय हरकत आहे? टनामागे कपात ही गोष्ट इथल्या ऊस उत्पादकाला नवी नाही. आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर संध्याकाळी काय पोचतं, हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला कारखान्याच्या अध्यक्षापेक्षा जास्त माहीत असतं.

समाजमंदिराचं काय, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : आमच्याच भागातल्या उसाच्या मळीपासून दारू बनते. मग दारूच्या पैशातून व्यसनमुक्तीला देणगी घेणं योग्य आहे का?
— एक प्राध्यापिका, बारामती

उत्तर : मळीपासून अर्क, अर्कापासून देशी, हा प्रवास खरा आहे. हल्ली त्यातला मोठा वाटा इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो, एवढाच फरक. आणि राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्काचे वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त येतात, तेव्हा सरकारी अनुदान घेतलं तरी दारूच्या पैशाला हात लागतोच. सोवळं पाळायचं तर कुणाचाच पैसा घेता येणार नाही.

तरी मी एक रेघ ओढेन. कराच्या वाटेने आलेल्या पैशावर देणाऱ्याचं नाव नसतं. दारू किंवा तंबाखू विकणाऱ्याने थेट दिलेल्या पैशावर असतं, आणि त्याच्या बदल्यात त्याला शाळेत, सभेत, वर्तमानपत्रात प्रवेश मिळतो. तंबाखू कंपन्यांनी सीएसआरच्या नावाखाली जाहिरातबंदी मोडू नये, असं केंद्राला २०१६ मध्ये परिपत्रक काढून बजावावं लागलं. त्यांचा पैसा घेऊ नका. कारखान्याचा घ्या, पण तो सभासदांच्या ठरावाने आलेला असू द्या, म्हणजे तो शेतकऱ्यांचा ठरेल.

यावर एक टोकाचं उदाहरण आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, आपल्याकडे ज्याला नुसतं एए म्हणतात, ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली दारुड्यांची आपसातली चळवळ. सुरुवातीला संस्थापक पैशासाठी जॉन रॉकफेलर धाकटे यांच्याकडे गेले. त्यांना मोठी रक्कम अपेक्षित होती. रॉकफेलर यांनी १९३८ मध्ये अवघे पाच हजार डॉलर एका चर्चकडे ठेवले आणि म्हटलं, जास्त पैसा या कामाची नासाडी करेल. पुढे एएने नियमच करून टाकला : बाहेरच्या कुणाचीही देणगी घ्यायची नाही, बैठकीला बसलेल्यांनी वर्गणी काढायची, बस्स. आज मराठीत चालणाऱ्या बैठकाही याच नियमाने चालतात. फुकटची जागासुद्धा त्यांना नको असते, थोडंफार भाडं ते देतात. निमगावच्या वाचकांचं समाजमंदिर इथे कामाला येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ, दहा खुर्च्या, चहाची किटली. त्यासाठी कुठल्याच अनुदानाचा अर्ज लागत नाही.

आपल्या भागात याहून जुनी वाट माळेची. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते, तेव्हा दर वर्षी कुणीतरी तुळशीची माळ घालतो आणि 'माळ घातली' एवढ्या दोन शब्दांनी गाव त्याला पाजायचं थांबवतं. पाजणाऱ्यांना गप्प करण्याची ही ताकद कुठल्याही गोळीत नाही. पण आधी तीन दिवस दवाखान्यात काढा, मग घाला, एवढं सांगणारा कुणीतरी माळकऱ्यांत हवा.

प्रश्न : माझे मामा अमेरिकेत असतात. त्यांनी गावच्या मंडळाला व्यसनमुक्तीसाठी डॉलर पाठवले तर चालतील का?
— एक विद्यार्थी, भिगवण

उत्तर : मामांचा पासपोर्ट कोणता, यावर आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्यांच्या कमाईतला बँकेमार्फत आला, तर तो परदेशी देणगीत धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते गावचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने परदेशी. मग मंडळाला परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागेल, आणि ती मिळायला साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसा उतरतो तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था असा पैसा घेऊन त्यातला काही गावच्या संस्थेला देऊ शके. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. छोट्या तालुक्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसला, असं माझं मत आहे.

मामांना सांगा, नोंदणी असलेल्या पुण्यातल्या संस्थेला द्या आणि तिच्याच पगारावरचा माणूस इंदापूर-बारामतीला पाठवायला सांगा. मामांऐवजी कंपनीकडे जायचं असेल तर मार्चमध्ये जाऊ नका. तेव्हा उरलेला निधी संपवायची घाई असते आणि तुमच्या गळ्यात वॉटर कूलर पडतो. जानेवारीत जा, पुढच्या वर्षाचं ठरायच्या आत, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा पगार मागा. सीएसआरच्या नियमात तीन वर्षांचे चालू प्रकल्प बसतात. आणि घरात आत्ता कुणी पीत असेल तर यातलं काहीच जमेपर्यंत थांबू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.